दुसरी आवृत्ती नसलेले काम

जाहिरात मोहिमांसाठी कोड लिहिणाऱ्यांत एक हिशेब सर्रास ऐकू येतो. मोहीम तीन आठवड्यांची. नंतर ती मायक्रोसाइट कुणी उघडणार नाही, तो कोड कुणी वाचणार नाही; मग चाचण्या, नीटस रचना, बिघाडाची तयारी यांत वेळ घालवून काय हशील? बँकेचे सॉफ्टवेअर दहा वर्षे चालते, तिथे हे सोपस्कार ठीक. इथे जुगाड चालतो. मुंबई-पुण्याच्या एजन्सींत किंवा फ्रीलान्सर म्हणून या कामात उतरणाऱ्या डेव्हलपरांना पहिले सांगणे हे, की हा हिशेब उलटा मांडलेला आहे. बँकेच्या ॲपात सोमवारी चूक निघाली तर मंगळवारी दुरुस्ती जाते आणि ग्राहक कुरकुरत का होईना परत येतो, कारण त्याचे पैसे तिथे असतात. जाहिरातीशी खेळायला आलेल्या माणसाचे तिथे काहीच अडकलेले नसते. त्याने बोलावले नसताना तुम्ही त्याच्या फोनवर गेलेले असता. पहिल्या काही सेकंदांत पडद्यावर काही घडले नाही तर त्याचा अंगठा पुढे सरकतो, आणि त्याला परत आणायला क्लायंटला पुन्हा पैसे मोजावे लागतात. लग्नाचा मांडव एका दिवसाचा असतो म्हणून कुणी बांबू सैल बांधत नाही. मोहिमेचे आयुष्य कमी म्हणजे दुरुस्तीची संधी कमी, आणि म्हणून काळजी सगळी आधीच घ्यावी लागते. ती नेमकी कुठे घ्यायची, हा खरा प्रश्न आहे.

आधी ‘इंटरॲक्टिव्ह’ या विशेषणामागचा बडेजाव थोडा उतरवू. त्यासाठी थ्रीडी, कॅमेरा-फिल्टर वगैरे लागतेच असे नाही. २००४ साली अमेरिकेत बर्गर किंगने एक साइट काढली. कोंबडीचा पोशाख घातलेला माणूस एका खोलीत उभा, खाली एक रिकामी चौकट. तुम्ही हुकूम टाइप करा, तो पाळणार. लोकांना ते थेट प्रक्षेपण वाटले. प्रत्यक्षात काहीशे क्लिप आधीच चित्रित केलेल्या होत्या आणि टाइप केलेल्या शब्दांवरून योग्य ती क्लिप उचलली जात होती. तंत्र अगदी साधे. कसब होते ते लोक काय काय टाइप करतील याचा अंदाज बांधण्यात. अचकट-विचकट हुकूम आला तर काय, याचाही विचार झालेला होता: कोंबडी कॅमेऱ्याजवळ येऊन बोट हलवून दटावत असे. आपल्याकडे २०१३च्या सुमारास हिंदुस्तान युनिलिव्हरने बिहार-झारखंडमध्ये ‘कान खजूरा तेसन’ चालवले. मिस्ड कॉल द्यायचा, परत फोन येतो आणि गाणी-विनोदांसोबत जाहिराती ऐकू येतात. जिथे वीज बेभरवशाची आणि टीव्ही कमी, पण साधा मोबाइल घरोघरी, तिथे मिस्ड कॉल हाच परस्परसंवाद. दोन्ही मोहिमांत पडद्यामागच्या माणसांनी समोरच्याच्या हातात काय आहे आणि तो त्याचे काय करेल, हे आधी ठरवले आणि तंत्र नंतर निवडले. आजकालच्या ब्रीफमध्ये बहुधा उलटे असते: ‘यंदा काहीतरी एआर करू या’ इथून सुरुवात, आणि कशासाठी हे शेवटच्या स्लाइडवर.

पहिली तयारी गर्दीची. १३ फेब्रुवारी २०२२ रोजी अमेरिकी फुटबॉलच्या सुपर बोल या अंतिम सामन्याच्या प्रक्षेपणात कॉइनबेस या कंपनीने एक मिनिटभर काळ्या पडद्यावर रंग बदलत इकडून तिकडे उसळणारा एक क्यूआर कोड दाखवला, बाकी जवळपास काही नाही. कल्पना म्हणून झकास. एका मिनिटात त्यांच्या पानावर दोन कोटींहून अधिक हिट आल्याचे कंपनीनेच नंतर सांगितले, आणि त्या भारापुढे सेवा काही काळ कोलमडली. जाहिरातीचा सगळा डाव त्या मिनिटावर लागलेला असताना ते मिनिटच हातचे गेले. इथे शिकण्यासारखी गोष्ट अशी की क्लायंट तुम्हाला नेहमी एकूण आकडा सांगतो, ‘महिनाभरात दहा लाख लोक येतील’; पण सर्व्हरला महिना कळत नाही. आयपीएलच्या दोन षटकांमधल्या जाहिरातीत तुमचा क्यूआर दिसणार असेल तर प्रश्न एवढाच, की त्या पुढच्या एका मिनिटात किती फोन एकदम दार ठोठावतील. हा प्रश्न मीडिया प्लॅन करणाऱ्याला पहिल्याच बैठकीत विचारा. उत्तर मिळाले नाही तर तेच मोठे उत्तर आहे. मग पहिले पान संपूर्ण स्थिर ठेवा, म्हणजे ते सीडीएनवरूनच जाईल आणि तुमच्या सर्व्हरला हातही लागणार नाही. खेळ ब्राउझरमध्येच चालू द्या. सर्व्हरशी बोलणे फक्त शेवटी, नाव किंवा कूपन नोंदवताना, आणि तेही रांगेत टाकून: नोंद मिळाली असे लगेच सांगायचे, प्रक्रिया मागाहून. आणि सर्व्हर पडलाच तर काय दिसेल, ते पान डिझायनरकडून आधी करून घ्या. इंग्रजीत पाचशेचा आकडा दाखवणारे पांढरे पान ही क्लायंटच्या पैशाने केलेली बदनामी आहे.

दुसरी तयारी वजनाची. इथे नियम तुमच्या चांगुलपणावर सोडलेलेच नाहीत. ऑगस्ट २०२०पासून क्रोम ब्राउझर जड जाहिराती स्वतःच उपटून टाकतो. वापरकर्त्याने जिला स्पर्श केलेला नाही अशी जाहिरात ४ मेगाबाइटहून अधिक डेटा ओढत असेल, किंवा कोणत्याही ३० सेकंदांत १५ सेकंद, अथवा एकूण ६० सेकंद प्रोसेसर अडवून बसत असेल, तर तिच्या जागी राखाडी चौकट येते आणि जाहिरात काढल्याची ओळ. गूगलच्या डिस्प्ले जाळ्यात साध्या चित्र-बॅनरला १५० किलोबाइटची मर्यादा आहे. डिझायनरने दिलेला एक पीएनजी कधीकधी तेवढाच भरतो. यावर ठरलेला आक्षेप असा, की आता सगळीकडे ५जी आहे, लोकांकडे चांगले फोन आहेत, १९९०च्या दशकातली काटकसर कशाला. पण अडचण नेटवर्कच्या वेगाची कमी आणि फोनच्या ताकदीची जास्त असते. स्वस्त अँड्रॉइडवर जावास्क्रिप्ट उतरायला लागणारा वेळ क्षुल्लक असला तरी ते वाचून, जुळवून चालवायला लागणारा वेळ क्षुल्लक नसतो, आणि तेवढ्यात फोन तापतो ते वेगळेच. गूगलच्या डबलक्लिकने २०१६ मध्ये मांडलेला आकडा प्रसिद्ध आहे: मोबाइलवर पान यायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर ५३ टक्के भेटी तिथेच सोडून दिल्या जातात. आकडा जुना आहे, पण लोक त्यानंतर अधिक धीराचे झाल्याचे कुठे दिसत नाही. म्हणून डिझायनरच्या मॅकबुकवर मान्य झालेला डेमो ही मान्यता समजू नका. एक तीन-चार वर्षे जुना, मेमरी भरत आलेला फोन टेबलावर ठेवा आणि त्यावर, तोही इन्स्टाग्राम-फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमध्ये, मोहीम उघडा. कारण लोक ती तिथूनच उघडणार आहेत. कॅमेऱ्याची परवानगी तिथे वेगळी वागते. आयफोन हलवून खेळायचे असेल तर आयओएस १३पासून मोशन सेन्सरची परवानगी बोटाच्या स्पर्शानंतरच मागता येते. आवाज आपोआप वाजवणे तर २०१८पासून क्रोमने बंदच केले आहे. या तिन्ही गोष्टी स्टोरीबोर्ड मंजूर होण्याआधी सांगणे हे डेव्हलपरचे काम आहे, नंतर सांगितल्या की त्या सबबी ठरतात. आणखी एक गोष्ट जाता जाता: पडद्यावर काहीही सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखवू नका. २००७ मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या बोधचिन्हाच्या प्रसिद्धीफिल्ममधला एक तुकडा, त्याने काही अपस्मारग्रस्तांना झटके आल्याच्या तक्रारींनंतर, काढून टाकावा लागला होता.

मराठीसाठी मोहीम करणाऱ्यांना तिसरी तयारी लागते आणि तिचे नाव कोणत्याच ब्रीफमध्ये नसते: लिपीची. समजा, कल्पना अशी आहे की वापरकर्ता आपले नाव टाकतो आणि सणाच्या शुभेच्छापत्रावर ते एकेक अक्षर उमटत जाते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. डोळ्यांना अक्षरे चार: ज्ञा, ने, श्व, र. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती दहा सांगते, कारण ज, हलन्त, ञ, काना असे सगळे सुटे मोजले जातात. इंग्रजीसाठी लिहिलेला टाइपरायटर इफेक्ट तसाच लावला की पडद्यावर आधी ज, मग पायमोडका ज्, मग अचानक ज्ञ, असा तमाशा दिसतो. दहा अक्षरांची मर्यादा ठेवलेल्या चौकटीत ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव मावत नाही आणि बिचाऱ्या मुलीला वाटते आपलेच काही चुकले. अक्षरसमूह तोडायला जावास्क्रिप्टमधले इंटल-सेगमेंटर वापरा, पण जुन्या ब्राउझरांत तेही जोडाक्षर हलन्तापाशी तोडते. कारण जोडाक्षरे एकत्र धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला. सर्वांत सुरक्षित म्हणजे अक्षर-अक्षर ॲनिमेशन सोडून पूर्ण शब्द डावीकडून उजवीकडे उलगडणे. दिसायलाही तेच बरे. अक्षरांमधले अंतर वाढवणारा सीएसएसचा गुण देवनागरीला लावू नका, शिरोरेखा तुटते. ओळींची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली तर ‘र्की’मधला रफार आणि वेलांटी वरून कापली जाते. पानाची भाषा मराठी अशी नोंदवा. नोटो सान्ससारख्या फॉन्टमध्ये त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. आणि शुभेच्छापत्राचे चित्र सर्व्हरवर तयार होणार असेल तर विशेष जपा. पायथॉनच्या पिलो लायब्ररीला राक्मची जोड नसेल तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न जाता उजवीकडे बसते, जोडाक्षरे विस्कटतात. ब्राउझरमध्ये सगळे ठीक दिसल्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही. येते ते चित्र व्हॉट्सॲपवर फिरायला लागल्यावर, आणि तोवर त्यावर क्लायंटचा लोगो असतो.

लोकांकडून काही मागवायचे म्हटले की चौथ्या तयारीचा प्रश्न उभा राहतो आणि मोठमोठ्या ब्रँडांचे हात तिथे पोळले आहेत. मे २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये वॉकर्स या वेफर्सच्या कंपनीने लोकांना सेल्फी पाठवायला सांगितले; माजी फुटबॉलपटू गॅरी लिनेकर तो फोटो हातात उंचावतोय असा व्हिडिओ आपोआप तयार होऊन कंपनीच्याच खात्यावरून ट्विट होई. लोकांनी कुप्रसिद्ध खुन्यांचे फोटो पाठवले आणि लिनेकर हसतमुखाने ते उंचावत राहिला. माफी मागून मोहीम बंद करावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्गर किंगच्या टीव्ही जाहिरातीतला कर्मचारी घरातल्या गूगल होमला हाक मारून व्हॉपर बर्गर म्हणजे काय असे विचारी, आणि ते यंत्र विकिपीडियावरची पहिली ओळ वाचून दाखवी. विकिपीडिया कोणीही संपादित करू शकतो, हे लोकांना कंपनीपेक्षा आधी आठवले. घटकपदार्थांत विष आले. काही तासांत गूगलने त्या हाकेला उत्तर देणेच थांबवले. दोन्हीकडे कोड उत्तम चालला, जे सांगितले तेच त्याने केले. तपासणी नावाची पायरी मात्र आराखड्यातच नव्हती. शिव्यांची यादी लावून ही पायरी भागत नाही. मराठी शिवी रोमन लिपीत, मधे टिंबे घालून, अंक मिसळून येते, आणि उलट साधे आडनाव त्या यादीत अडकते. खरा उपाय म्हणजे मोकळी जागा कमी ठेवणे. २०२१च्या दिवाळीत कॅडबरीने छोट्या दुकानदारांना शाहरुख खानच्या तोंडी आपल्या दुकानाचे नाव घालून जाहिरात बनवण्याची सोय दिली. वाक्ये ठरलेली, चित्रण ठरलेले, बदलणारी जागा एकच. खेळ लोकांचा, पण मैदानाच्या कडा आखलेल्या. जिथे फोटो किंवा मजकूर घेणे अटळच असेल तिथे तो माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय ब्रँडच्या नावाने बाहेर पडणार नाही अशी रांग बांधा, आणि सगळे एका क्षणात थांबवणारे एक बटण रविवारी रात्रीही कुणाच्या तरी हाती असू द्या.

याच चौकटीत लोकांची माहितीही येते. स्पर्धेच्या फॉर्मवर क्लायंटला नाव, मोबाइल, जन्मतारीख, पिनकोड, शिक्षण असे सगळेच हवे असते. ‘असू दे, पुढे कामाला येईल’. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला हेच मान्य नाही: संमती विशिष्ट हेतूसाठी आणि त्या हेतूला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. १८ वर्षांखालील प्रत्येक जण त्या कायद्याने बालक ठरतो, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांना लक्ष्य करून जाहिरात करण्यालाच मनाई आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. ती पूर्ण होईपर्यंत मोकळीक आहे असे समजणाऱ्याने, आज गोळा केलेली माहिती अंमलबजावणी सुरू झाल्यावरही आपल्याकडेच पडून राहणार आहे, हे विसरू नये. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत १३ फसव्या डिझाइन-प्रकारांची यादी आहे. ‘फक्त ०४:५९ मिनिटे शिल्लक’ म्हणत पान रिफ्रेश केल्यावर पुन्हा पाचपासून सुरू होणारे घड्याळ त्यात खोटी निकड म्हणून मोडते. असे घड्याळ लिहायला सांगितले तर ते कुणाच्या सांगण्यावरून लिहिले, हे ईमेलवर तरी असू द्या.

आता सगळ्यात खरा आक्षेप. हे सर्व बरोबर, पण एजन्सीत डेव्हलपरला विचारतो कोण? कल्पना क्रिएटिव्हवाल्यांची, तारीख क्लायंटची, दिवाळी पुढे ढकलता येत नाही, आणि कोड लिहिणाऱ्याकडे फाइल पोचते तेव्हा दहा दिवस उरलेले असतात. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण तारीख हलत नाही आणि पैसे वाढत नाहीत, तेव्हा कमी करता येण्याजोगी गोष्ट एकच उरते: मोहिमेचा पसारा. बहुतेक डेव्हलपर पसारा तसाच ठेवून गुपचूप दर्जा कमी करतात, कारण त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. ते सोपे आहे आणि चूक आहे. ‘सहा खेळांपैकी दोनच करू, पण ते दोन जुन्या फोनवर आणि गर्दीत चालतील’ असे दोन दिवसांत, आकड्यांसह, चालत्या कच्च्या नमुन्यासह सांगितलेत तर बहुतेक क्लायंट ऐकतात. कारण तोवर कुणीच त्यांना मोहीम पडू शकते असे सांगितलेले नसते. नुसते ‘होणार नाही’ म्हणणाऱ्याला मात्र पुढच्या बैठकीचे बोलावणे येत नाही, आणि त्यात एजन्सीचे फारसे चुकतही नाही. कुणी म्हणेल, एवढा विचार करत बसलो तर वेडेपणाच संपेल, जाहिरातीत गंमत राहणार नाही. कोंबडीच्या त्या साइटचे उदाहरण याला पुरेसे आहे. तिची गंमत होतीच मुळी कुणीतरी प्रत्येक वेड्या हुकुमाचा आधी विचार करून ठेवल्यामुळे. तयार टेम्पलेट आणि कोड लिहून देणारी एआय साधने आल्याने हा भाग उलट महत्त्वाचा झाला आहे. फिरणारे चक्र किंवा स्क्रॅच कार्ड आज कोणीही दुपारभरात उभे करील. ते चक्र एकाच मोबाइल नंबरवरून चारशेदा फिरवले तर काय, हे विचारण्याचेच पैसे मिळतात.

शेवटचा भाग मोहीम संपल्यानंतरचा, आणि त्याकडे बहुधा कुणीच पाहत नाही. जर्मनीत हाइन्झने २०१२ ते २०१४ या काळात केचपच्या लेबलची स्पर्धा घेतली होती; बाटलीवरचा क्यूआर कोड त्या स्पर्धेच्या स्वतंत्र डोमेनवर जात असे. स्पर्धा संपली, डोमेनचे नूतनीकरण झाले नाही, ते दुसऱ्याने घेतले. २०१५ मध्ये एका ग्राहकाने घरातल्या बाटलीवरचा कोड स्कॅन केला तर थेट अश्लील साइट उघडली, आणि कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. मोहीम तीन आठवड्यांत संपते, पण छापलेला क्यूआर फडताळात, रिक्षाच्या पाठीवर, दुकानाच्या काचेवर वर्षानुवर्षे राहतो. म्हणून छापायच्या कोडसाठी नवे डोमेन घेऊ नका. क्लायंटच्या मुख्य डोमेनखालचा एक पत्ता घ्या, जो पुढे कुठेही वळवता येतो. मोहीम संपल्याच्या दिवशी दिसायचे पान मोहीम सुरू होण्याआधीच तयार ठेवा आणि ते तारखेप्रमाणे आपोआप लागू होऊ द्या. हस्तांतरणाच्या कागदावर चार गोष्टी लिहा: डोमेन कुणाच्या नावावर, क्लाउडचे बिल कुणाच्या कार्डावर, माहिती कोणत्या तारखेला पुसायची, आणि पुसल्याचे कोण कळवणार. स्वतःसाठी एक काम उरते. मोहीम चालू असतानाच, क्लायंटची परवानगी घेऊन, साध्या फोनवर तिचे स्क्रीन-रेकॉर्डिंग करून ठेवा. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढला, तेव्हा वीस वर्षांच्या असंख्य मोहिमा एका फटक्यात चालेनाशा झाल्या, आणि त्या करणाऱ्यांपैकी ज्यांनी व्हिडिओ काढून ठेवले नव्हते, त्यांच्याकडे पुढच्या मुलाखतीत दाखवायला नुसत्या लिंका उरल्या.